मांडीवरचे वजन

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार, सकाळी साडेसहा. मागच्या ओतशाळेचे मालक माझ्या फाटकाबाहेर उभे होते. हाक मारण्याची त्यांना सवय नव्हती. उजव्या हाताचे बोट वर करून ते हवेत वाटोळे फिरवीत. बोट सावकाश फिरले तर ‘चहाला चला’, झपाट्याने फिरले तर ‘चढाला चला’. त्या दिवशी ते झपाट्याने फिरत होते. मी स्टॉपवॉच खिशात टाकले आणि चपला घातल्या.

“सायेब, दहाला मानसं येत्यात,” ते म्हणाले. “त्याच्या आदी एकदा गाडीलाच इचारून बगू.”

माणसे यायची होती ती सांगलीहून आणि साताऱ्याहून. माझ्या या शेजाऱ्यांनी स्वतः घडवलेला आणि ओतलेला, मोटारीचा ॲल्युमिनियमचा एक भाग त्या माणसांना पाहायचा होता. तो बसवलेली मोटार चढावर पळताना पाहायची, आणि पटले तर तसे आणखी भाग ओतण्याचे काम द्यायचे, असे ठरले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंपांची झाकणे ओतलेल्या माणसाकडे प्रथमच कोणी त्याची स्वतःची वस्तू मागायला येत होते. पंपवाल्या व्यापाऱ्याला त्यांनी पुढचे काम घेणार नाही असे सांगून टाकले होते. दोनपैकी एक भट्टी त्या भागासाठी मोकळी ठेवली होती. हे सारे त्या दिवसाच्या चढावर अवलंबून होते.

कुंडलला माझ्या घराच्या मागल्या अंगाला त्यांची ओतशाळा होती. मी साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली आणि निवृत्त होऊन येथे घर बांधले. राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांच्या धुराबद्दल तक्रार करायला गेलो. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या भट्टीची चिमणी किती उंच हवी, हे सांगायला गेलो. त्यांनी ती तेवढी उंच केली. तेव्हापासून जाणे-येणे सुरू झाले. मैत्री हा शब्द आम्ही दोघांनी कधी वापरला नाही.

मूळचे ते वडूजकडचे. घराणे मेंढपाळांचे. वडील दर वर्षी मेंढरे घेऊन घाटमाथ्यापर्यंत चालत. हे मात्र लहानपणीच एका ओतशाळेत वाळू चाळायला लागले, आणि मग धातूच्या मागे चालत राहिले. सारे गाव त्यांना मामा म्हणे. माझ्या तोंडी ते संबोधन कधी आले नाही. मी ‘अहो’ म्हणून भागवले.

तुम्ही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांना एखादी नळी दिसली की तिच्यात फुंकल्यावाचून राहवत नाही. माझ्या घरी नळाचे काम चालू असताना त्यांनी प्रत्येक तुकडा तोंडाला लावून पाहिला होता. प्लंबर हसला. त्यांनी दोन तुकडे बाजूला ठेवले आणि म्हणाले, “ह्यात आतनं खरबडीत हाय. हवंला खरबडीत आवडत न्हाई, मग पान्याला कसं आवडंल?” हवा जणू त्यांच्या नात्यातली होती. तिच्या आवडीनिवडी ते अशा सांगत की ऐकणाऱ्याला आपण तिला कधी भेटलो नाही याची खंत वाटावी.

त्यांची मोटार जुनी, लहान, चार दारांची होती. रंग तीन प्रकारचा. तिला गावात कोणी मोटार म्हणत नसे, ‘मामांचा आवाज’ म्हणत. “मामांचा आवाज आत्ता टाकीवरनं गेला,” असे लोक एकमेकांना सांगत. तिच्या पेट्रोल इंजिनाला त्यांनी टर्बो बसवला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूवर एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. तत्त्व एवढेच आहे. उरलेले सारे भांडण ती हवा आत कशी न्यायची यावर असते.

सांगलीच्या तरुण मंडळींत अशा गाड्यांना ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. माझ्या शेजाऱ्यांना हा शब्द मान्य नव्हता.

“प्रोजेक्ट धरनाचा असतोय,” ते म्हणत. “ह्यो माझा नाद हाय.”

त्यांच्या पत्नीला दोन्ही शब्द मान्य नव्हते. दुपारी जेवायला हाक मारून मारून थकल्या की त्या ओतशाळेच्या दारात येऊन विचारीत, “आवं, ताट हितंच आनू का? तुमच्या शेजारी तिला बी वाडते. तेलात भिजिवल्याली भाकरी खाती का इचारा.”

“इचारतो,” असे उत्तर येई, आणि जेवायला आणखी तासभर जाई.

आता त्या भागाविषयी. टर्बोकडून आलेली हवा चार सिलिंडरांना वाटून देणारी एक पेटी असते. तिला चार नळ्या फुटलेल्या असतात. तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. मोटारीचा मूळचा मॅनिफोल्ड अरुंद पेटीचा आणि लांब, वाकड्या नळ्यांचा होता. त्यांना तो पाहवत नसे. ते त्याच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरीत, दुसऱ्या टोकाने पंप लावून हवा ओढीत, आणि धूर कोठे अडखळतो ते डोळे बारीक करून पाहत. “बगा, बगा सायेब, ह्या वळनावर कसं गुदमारतंय.” खोलीत देवघराचा वास येई.

म्हणून त्यांनी नवा मॅनिफोल्ड घडवला. पेटी दुप्पट मोठी. नळ्या आखूड, रुंद आणि सरळ. वाळूत साचा उठवायला लागणारा सागवानाचा नमुना त्यांनी स्वतः तासला. त्याला पावसाळा गेला. ओतलेले पहिले तीन भाग त्यांनीच परत मुशीत टाकले. चौथा ठेवला. त्याच्या पाठीवर त्यांनी एक मेंढी उठवली होती, बोटाएवढी, मान पुढे काढलेली.

“नाव घालायचं नव्हतं का?” मी विचारले.

“नाव कोन वाचतंय? मेंढी बगून मानूस इचारतंय तरी.”

मला नळ्यांच्या आखूडपणाबद्दल शंका होती आणि ती मी सांगितली. रुंद नळीत हवेचा वेग मरतो. इंजिन हळू फिरत असताना हाच वेग सिलिंडर भरायला मदत करतो. लांब नळी खालच्या फेऱ्यांना उपयोगी, आखूड नळी वरच्या फेऱ्यांना. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, “सायेब, टर्बो नसता तर तुमचं खरं. हितं हवा दाबून येतीया. तिला मदत कशापायी?” या उत्तरातही तथ्य होते. आम्ही दोन संध्याकाळी यावर वाद घातला आणि ठरल्याप्रमाणे निकाल गाडीवर सोपवला.

शक्ती मोजण्याचे यंत्र जवळपास कोठे नाही. पुण्याला आहे. तिकडे जायला त्यांनी नकार दिला. “यंत्रावर नुसती चाकं फिरत्यात. चढ कुठाय तितं?” त्यांची स्वतःची रीत होती. गावाच्या वर डोंगराकडे एक रस्ता जातो. पाण्याच्या टाकीपासून खिंडीतल्या दगडी कठड्यापर्यंत त्याला सलग चढ आहे. पहाटे तो मोकळा असतो. गाडीत ठरावीक ओझे घालायचे, टाकीशी थांबायचे, हॉर्न द्यायचा आणि निघायचे. कठड्यापाशी मी स्टॉपवॉच घेऊन उभा. हॉर्न ऐकू आला की दाबायचे, गाडी समोरून गेली की दाबायचे. इतकी साधी गोष्ट.

ओझे म्हणून ते पैलवान घेत. आमच्या गावाला कुस्तीचे वेड आहे आणि तालमीत जड माणसांची वाण नाही. “पोतं वळनावर सरकतंय,” ते सांगत. “पैलवान धरून बसतोय. शिवाय आपल्या पायानं चडतोय, आपल्या पायानं उतारतोय.” चौघे नेहमीचेच होते. पुढे थोरला, मागे तिघे. थोरला बसला की गाडी एका अंगाला नमस्कार करी. चाचणी झाली की चौघांना दूध आणि केळी ठरलेली.

दसऱ्याच्या आधी जुन्या मॅनिफोल्डवर चाचणी झाली. मग नवा बसवला. दिवाळीनंतर त्याच चौघांना घेऊन दुसरी. अर्ध्या चढावर दाबाचा काटा पूर्वीपेक्षा किंचित खाली राहिला, हे त्यांनी उतरल्या उतरल्या मला सांगितले. त्यांचा चेहरा पडला होता. मी म्हणालो, वाट मोकळी झाली की दाब उतरतो. हवा तेवढीच किंवा जास्तही जात असेल. बॉयलरच्या नळ्यांत हे मी पाहिलेले होते. मग मी घड्याळ दाखवले. गाडी पूर्वीपेक्षा लवकर वर आली होती. फरक थोडा होता, पण स्पष्ट होता. त्या दिवशी गावातले बरेच जण बघायला आले होते. आरडाओरडा झाला. कोणी फोनवर चित्रण केले आणि ते सांगली-साताऱ्यापर्यंत पोहोचले. त्यातून हा रविवार ठरला.

तर त्या सकाळी आम्ही दोघे गाडीतून तालमीकडे गेलो. थंडी होती. चौघे अंगाभोवती चादरी लपेटून कट्ट्यावर बसले होते.

“बसा रं,” ते म्हणाले. चौघे बसले. ते गाडीभोवती फिरून मागच्या चाकापाशी गेले, वाकले, आणि चाक व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटे घातली. ही त्यांची जुनी सवय. गाडी किती बसली ते बोटांनी मोजायचे. बोटे सैल जात होती; फट नेहमीपेक्षा मोठी होती.

“थोरल्या, उतर.”

थोरला उतरला.

“परत बस.”

“काय झालं मामा? पंचर हाय का?”

“बस म्हनतो न्हवं.” त्यांनी पुन्हा बोटे घातली. मग उभे राहिले आणि खिडकीतून आत पाहिले. थोरल्याच्या गालांची हाडे वर आली होती. मलाही ते तेव्हाच दिसले. “आजारी पडला हुतास काय रं?”

“न्हाई वो. निवड चाचनी हाय न्हवं पुडल्या आठवड्यात. वजन उतरीवलंय.”

“किती?”

“धा किलो.” त्याने अभिमानाने सांगितले. “ह्येनं आट. त्या दोगांनी बी सात-सात उतरीवलंय. आमी समदेच खालच्या गटात खेळनार हाय.”

“कवापासनं?”

“दसरा झाला तवापासनं. दिवाळीला करंजीला हात लावला न्हाई, आईची आन.”

“म्हंजी दिवाळीनंतर गाडीत बसलासा तवा...”

“तवा उतारलंच हुतं की. तुमी दिल्यालं दूध बी म्या रेडकाला पाजलं. तुमास्नी वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई.”

मागचा एक जण म्हणाला, “रेडकू मातुर झकास झालंय मामा.”

कोणी हसले नाही असे नाही. मी हसलो नाही. ते मडगार्डवर हात ठेवून उभे होते. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, “मागल्या येळंला बोटं घातलीच न्हाईत म्या. पोरं व्हिडिओ काढत हुती.”

मी पाचही माणसांचा आणि गाडीचा हिशेब मनात केला. त्या उतरलेल्या वजनाने जो फरक पडायचा, तो जवळजवळ घड्याळात दिसलेल्या फरकाइतकाच होता. मी तसे सांगितले. अशा वेळी गोड बोलणे मला जमत नाही.

“आन थंडी बी आपल्या बाजूनं हुती,” ते म्हणाले. “गार हवा जड, इंजिनात जास्त मावती.”

“होय.”

“चला मग. पोती भरू.”

ओतशाळेत काटा होता. साच्याची काळी वाळू त्यांनी चार लहान पोत्यांत मोजून भरली. पैलवानाला आपले वजन तोंडपाठ असते. प्रत्येकाने आपले आपले सांगितले. दहा, आठ, सात, सात. पोत्यांची तोंडे सुतळीने बांधली. पोती डिकीत टाकायची नाहीत असे त्यांनी बजावले. वजन जिथे होते तिथेच बसले पाहिजे. चौघे गाडीत बसले आणि ज्याने जितके उतरवले होते तितके पोते ज्याच्या त्याच्या मांडीवर ठेवण्यात आले.

थोरल्याने पोते दोन्ही हातांनी कवटाळले. “दोन म्हयने उपाशी राहून घालीवलं, आन मामांनी एका फटक्यात परत दिलं,” तो म्हणाला.

त्यांनी मागच्या फटीत बोटे घातली. या वेळी ती पूर्वीसारखी घट्ट बसली. मान हलवून ते चाकामागे बसले. मला कठड्यापाशी सोडून गाडी खाली टाकीकडे गेली.

हॉर्न ऐकू आला. मी घड्याळ दाबले.

वरून खालचा रस्ता दिसत नाही. आवाजावरून समजायचे. निघतानाचा आवाज जड होता. पहिल्या वळणापर्यंत इंजिन ओढत होते, पळत नव्हते. दुसऱ्या वळणानंतर टर्बोची शीळ आली. शेवटच्या सरळ पट्ट्यावर मात्र आवाज एकदम मोकळा झाला आणि गाडी माझ्यासमोरून अशी गेली की माझे उपरणे उडाले. मी घड्याळ पाहिले. जुन्या मॅनिफोल्डवर दसऱ्याच्या आधी जे होते तेच.

ते परत आले. मी घड्याळ पुढे केले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “आणिक एकदा.” आणखी एकदा झाले. तेच. इंजिन थोडे निवू देऊन तिसऱ्यांदा झाले. तेच.

मागच्या सीटवरून आवाज आला, “मामा, मेंढी चढालाच थांबली की वो.”

मला वाटले, ते रागावतील. त्यांनी गाडी बंद केली, उतरले आणि कठड्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. खाली उसाचे फड होते आणि दूर कारखान्याचा धूर सरळ वर जात होता. 

“सायेब, जोर वाडला न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “जोरानं जागा बदलली. वरच्या फेऱ्यांत गेला. खालच्या फेऱ्यांतला हुता त्यो गमावला.”

“होय.”

“तुमी म्हनला हुता.”

“तुम्ही सांगितलेलेही अर्धे खरे ठरले. शेवटच्या पट्ट्यावर ती पूर्वी अशी पळत नव्हती.”

“अर्धं,” ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी तोंडात थोडा फिरवला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साताऱ्याहून येणारे उंब्रजला चहाला थांबले होते. रस्ता मोकळा आहे, लवकरच पोहोचू, असे सांगत होते. त्यांनी “या, या” म्हटले आणि फोन खिशात ठेवला. थोरला जवळ आला. पोते अजून त्याच्या हातात होते, एखादे मूल घ्यावे तसे.

“मामा, एक बोलू का?”

“बोल.”

“त्येंच्याम्होरं पोती काडू की. आमी हायेच उपाशी. गाडी पळंल. कुनाला काय कळतंय?”

चारही पैलवान त्यांच्याकडे पाहत होते. पोरांना त्यांचे वाईट व्हायला नको होते, एवढेच. मी दुसरीकडे पाहिले. तो निर्णय माझा नव्हता आणि मी काहीही बोललो असतो तरी ते ओझे झाले असते.

“आन माल घ्यून गेल्यावर? त्येनी काय उपाशी पैलवान बरुबर न्यायचं?” ते म्हणाले. मग हसले. त्या सकाळी ते प्रथमच हसले. “ठेव ते पोतं गाडीत. खाली जाऊ.”

पाहुणे आले. सांगलीचा एक गॅरेजवाला होता, चाळिशीचा, गॉगल डोक्यावर चढवलेला. साताऱ्याचे दोघे होते. त्यातला बोलणारा लष्करातून निवृत्त झालेला आणि ताठ बसणारा. बॉनेट उघडले गेले. चकाकणाऱ्या पेटीवरची मेंढी पाहून गॅरेजवाल्याने शीळ घातली.

“मामा, काय पीस हाय! टर्बोवर मेंढी! व्हिडिओत तर गाडी उडतीय नुसती.”

“व्हिडिओत पैलवान उपाशी हुते,” ते म्हणाले.

“आँ?”

त्यांनी सारे सांगितले. फट, बोटे, करंजी, रेडकू, पोती. काही लपवले नाही आणि काही रंगवले नाही. पैलवानांपैकी एकाने मध्ये मध्ये तपशील पुरवला. साताऱ्याचे गृहस्थ सबंध वेळ न हलता ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, “मामा, सीधा बोला. आमाला घ्यावं का न्हाई?”

“तुमची गाडी कुठं पळती?”

“आमची डोंगरातच. वळनं लय.”

“मग न्हाई. वळनावर गाडी हळू हुती, तितनं उचलाय पायजे. ह्यो तितं झोपतोय. तुमचा जुनाच बरा. घासून देतो आतनं. गुळगुळीत करून देतो. तेवडं करा.” मग ते गॅरेजवाल्याकडे वळले. “तुमचं गिऱ्हाईक कोन?”

“समदे. हायवेवाले लय.”

“हायवेवाल्याला थोडा फायदा हाय. थोडाच. इंजिन सारकं वर फिरीवलं तर. तेवडं सांगून इकनार असला तर बोलू.”

गॅरेजवाला हसला. “आवं मामा, सांगायचं कशाला? पोरास्नी जोर कुठं मोजायचाय? बॉनेट उघाडलं की चमाकलं पायजे. तुमी नुसतं ओता. मी खपीवतो. जेवडं ओताल तेवडं नेतो.”

मी पाहिले. ही ऑफर पैलवानाच्या सूचनेपेक्षा अवघड होती. यात फसवणूक उघड नव्हती. घेणारा मागत होता, देणाऱ्याने फक्त गप्प राहायचे होते. मोकळी केलेली भट्टी लगेच पेटली असती. ते बॉनेटच्या कडेला टेकून उभे होते, आणि त्यांचे बोट मेंढीच्या पाठीवरून मागे-पुढे फिरत होते.

“चमकाय पायजे तर त्येंच्या जुन्याला झाकन ओतून देतो,” ते म्हणाले. “फुलं काडून देतो. मोर काडून देतो. पर ह्यो न्हाई.”

“का वो?”

“त्यो पोरगा चढाला अडाकला की तुमच्याकडं यील. तुमी म्हनाल, कुंडलच्या मामाला इचार. मी काय सांगू त्याला?”

गॅरेजवाला थोडा वेळ बोलत राहिला. साताऱ्याच्या गृहस्थांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला आणि आपला जुना मॅनिफोल्ड घासायला पाठवतो म्हणाले. तो पुढे खरोखर आला. गॅरेजवाला झाकणाचा विचार करतो म्हणाला. तो आला नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांच्या पत्नीने सर्वांना पोहे दिले. पैलवानांनी हात मागे घेतले.

“खावा रं,” त्या म्हणाल्या. “एका घासानं गट बदालत न्हाई.”

“मामी, लाळ गळाय लागली की बाहीर जाऊन बसतो आमी,” थोरला म्हणाला, आणि चौघे खरोखर बाहेर जाऊन बसले.

दुपारी त्यांनी पंपवाल्या व्यापाऱ्याला फोन केला आणि उद्यापासून झाकणे ओतायला घेतो असे सांगितले. पलीकडून काहीतरी टोमणा आला असावा. “व्हय, उतारला नाद,” असे ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. मग नवा मॅनिफोल्ड काढला, जुना बसवला, सांध्यातून हवा सुटू नये म्हणून नवे गॅस्केट घातले, आणि बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे, कसत गेले. मी दिवा धरला.  त्यांची मनःस्थिती कशी होती हे मी विचारले नाही. पण काम करताना ते एक जुने गाणे गुणगुणत होते. खचलेला माणूस गुणगुणत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ते वडूजला परत गेले. तिकडे जमिनीला पाणी आले होते आणि भाऊ एकटा पडला होता. भट्ट्या विकल्या, मोटार नेली. येथल्या शेडमध्ये आता कोणी खताची पोती ठेवतो. त्यांच्या जाण्याने आमच्या आळीत शांतता झाली, असे लोक म्हणतात. शांततेची तक्रार करायला जाण्याची सोय नाही. वडूज फार लांब नाही. एकदा जाऊन यायचे आहे.

त्या रविवारी मी घरी परतायला निघालो तेव्हा सूर्य कलला होता. ओतशाळेत करवतीचा आवाज झाला म्हणून मागे वळलो. त्यांनी सागवानी नमुना टेबलावर घेतला होता आणि ते चारही नळ्या मुळाशी कापत होते. मी दारात थांबलो.

“लांब करतो,” ते म्हणाले. “लय न्हाई. मूळच्याच्या निम्म्यानं. पेटी बी थोडी घटीवतो. खालचा दम ऱ्हाईल, वरचा बी थोडा ऱ्हाईल. बगू की.”

“नळ्या मुळाशी थोड्या फाकवा,” मी म्हणालो. “तोंडाशी गोलाई द्या.”

“त्येच करतोय. या हिकडं. धरा ह्ये.”

मी आत गेलो. कापलेली प्रत्येक नळी आणि पेटी यांच्यामध्ये ते सागवानाचा नवा तुकडा बसवू लागले. तीन जोडले. चौथा मी दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांनी क्लॅम्प लावून कसला, सांध्यातून बाहेर आलेला सरस अंगठ्याने पुसला, आणि अंगठा पँटीला पुसला.